कार्टून शिकायला विद्यापीठ कशाला?



गेल्या महिन्यात शाळा सुटता सुटता एक पालक भेटायला आले. त्यांचा मुलगा चौथीला माझ्या वर्गात होता, यंदा बारावी पास झाला. हातात एका खाजगी संस्थेचं रंगीत माहितीपत्रक. म्हणाले, "मॅडम, पोरगं म्हणतंय अ‍ॅनिमेशन आणि मल्टिमीडियाच शिकणार. दोन वर्षांचे अडीच लाख सांगतायत. कार्टून काढायला एवढं शिकावं लागतं का? तुम्ही सांगाल तसं करू."

मी बारावीनंतर डी.एड. केलेली प्राथमिक शिक्षिका. हा विषय मी काही शिकलेली नाही. पण 'तुम्ही सांगाल तसं' हे ऐकल्यावर अंगावर जबाबदारी येते. म्हणून मी वाचलं, चौकशी केली आणि माझं एक मत बनलं. ते आज मांडते.

माझं मत असं : हा विषय विद्यापीठात शिकण्याच्या लायकीचा आहे. मात्र जिथे फक्त सॉफ्टवेअरची बटणं शिकवतात, तिथे लाखो रुपये भरू नयेत.

आधी माझाच एक फजितीचा अनुभव सांगते. २०२० साली शाळा बंद असताना मी पॉवरपॉइंटवर हातच्याच्या वजाबाकीचा एक खेळ बनवला. बरोबर पर्यायाला बोट लावलं की टाळ्या, चुकीच्या पर्यायाला लावलं की बेडकाचं डराव डराव. मुलं खूश, मी पण खूश. दोन दिवसांनी एका आईचा फोन आला, "मॅडम, हा मुद्दाम चुकीचंच दाबतोय. बेडूक ऐकायला." टाळ्यांपेक्षा बेडूक भारी होता! माझी स्लाईड सुंदर होती, रंग छान होते, पण वजाबाकी कुणाचीच सुधारली नाही.

तेव्हा कळलं की चित्र हलवणं वेगळं आणि त्यातून शिकवणं वेगळं. मुलाने चूक केल्यावर पडद्यावर काय दिसावं? नुसतं 'चूक' म्हणावं, की दशकाची एक जुडी सुटून दहा काड्या झालेल्या दाखवाव्यात? हा प्रश्न सॉफ्टवेअरचा नाही. त्याला मुलाचं मन कळावं लागतं, चित्र यावं लागतं, आणि बनवलेलं पाच-दहा मुलांसमोर ठेवून, त्यांचं चुकतं कुठे ते बघून पुन्हा बनवायची चिकाटी लागते. चांगल्या अभ्यासक्रमात हेच शिकवतात. अक्षर, चित्र, आवाज आणि हालचाल एकत्र आणायची, आणि समोरच्याला त्यात सहभागी करून घ्यायचं. इंटरॅक्टिव्ह मल्टिमीडिया म्हणतात ते हेच.

सॉफ्टवेअरच्या भरवशावर का राहू नये, त्याचं उदाहरण ताजं आहे. काही वर्षांपूर्वी हलणारे धडे आणि खेळ बनवायचे म्हणजे फ्लॅश, असं समीकरण होतं. ३१ डिसेंबर २०२० ला अ‍ॅडोबीने फ्लॅश प्लेअरचा आधार बंद केला. ज्यांना फक्त फ्लॅशची बटणं येत होती त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. ज्यांना चित्र, वेळेचं गणित आणि गोष्ट येत होती, त्यांनी फक्त अवजार बदललं.

हे वेळेचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. सिनेमात एका सेकंदात २४ चित्रं डोळ्यांसमोरून जातात. हाताने काढताना बऱ्याचदा एक चित्र दोनदा वापरतात, म्हणजे सेकंदाला १२. तरी दहा सेकंदांच्या हालचालीला १२० चित्रं झाली! चेंडू खाली येताना वेग वाढतो, म्हणून दोन चित्रांतलं अंतर वाढवायचं. वर जाताना वेग कमी होतो, म्हणून अंतर कमी करायचं. हे ज्याने चेंडूकडे नीट पाहिलंय त्यालाच जमतं.

आणि हे काही परक्यांचं खूळ नाही. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याचं रोप उगवताना थोडं थोडं करून चित्रित केलं होतं. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. आपला परिसर अभ्यासाचा धडाच की तो! पुढे त्यांनी आगकाड्या हलवूनही छोटी फिल्म केली. फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकलेले होते, हेही लक्षात घ्या. तसंच १९७४ ची 'एक, अनेक और एकता' ही फिल्म. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. जाळ्यासकट उडणाऱ्या त्या चिमण्या दूरदर्शनवर पाहिलेली माणसं एकीचा तो धडा अजून विसरलेली नाहीत.

आता कुणी म्हणेल, कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात चित्र काढून देते, मग हे शिकून नोकरी कुठून मिळणार? भीती खोटी नाही. साचेबंद काम करणाऱ्यांची गरज कमी होईल असं मलाही वाटतं. पण यंत्राला बेडूक काढायला सांगितलं की ते बेडूकच काढून देणार. इथे बेडूक नको, काड्यांची जुडी हवी, हे सांगायला माणूसच लागतो. म्हणून तर नुसती बटणं शिकण्यावर पैसे घालवू नका म्हणते.

पालकांनी पैसे भरण्याआधी हे प्रश्न जरूर विचारावेत :

१) शेवटी हातात पदवी मिळणार की संस्थेचं प्रमाणपत्र? पदवी असेल तर कोणत्या विद्यापीठाची? त्या विद्यापीठाचं नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत स्वतः तपासा.

२) पहिल्या वर्षी रेखाचित्र, गोष्ट रचणं, रंग, आवाज हे शिकवतात का? की पहिल्या दिवसापासून फक्त संगणक?

३) मागच्या वर्षीच्या मुलांनी स्वतः बनवलेल्या फिल्म किंवा खेळ दाखवा म्हणावं. हे काम बघूनच पुढे नोकरी मिळते, नुसत्या कागदावर नाही.

४) 'शंभर टक्के नोकरी' असं छापलं असेल तर शिकून बाहेर पडलेल्या दोन मुलांशी बोलायला मागा.

५) एकूण फी किती आणि मध्येच सोडलं तर परत किती, हे लेखी घ्या.

आणखी एक. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था १९६१ पासून आहे, आयआयटी मुंबईत डिझाईनचं शिक्षण १९६९ पासून आहे. दोन्हीकडे अ‍ॅनिमेशन शिकता येतं. बारावीनंतर बी.डेस. साठी एनआयडीची डॅट आणि आयआयटीची युसीड अशा प्रवेश परीक्षा असतात, आणि त्या कला, वाणिज्य, विज्ञान कुठल्याही शाखेच्या मुलाला देता येतात. जागा थोड्या, स्पर्धा मोठी, हे खरंच. पण खेड्यातल्या पालकांना ही नावंच माहीत नसतात, म्हणून सांगितलं. शिवाय ब्लेंडर, स्क्रॅच अशी सॉफ्टवेअर फुकट आहेत. मुलाला खरंच गोडी आहे का, हे घरी सहा महिन्यांत कळतं.

आता थोडं आपल्याबद्दल, शिक्षकांबद्दल. या शिक्षणाचा पाया विद्यापीठात नाही, आपल्या वर्गात घातला जातो. निरीक्षण, चित्र, गोष्ट सांगणं. आणि आपण काय करतो? अभ्यासक्रम राहिला की पहिली कात्री चित्रकलेच्या तासाला. शासकीय रेखाकला परीक्षेला बसायचं म्हटलं की 'त्यापेक्षा गणित कर' म्हणतो. मी पण हेच करत आलेय.

त्या दिवशी वडिलांसमोरच आम्ही संस्थेत फोन लावला. पदवी कोणत्या विद्यापीठाची, एवढंच विचारलं. पलीकडून 'तुम्ही आधी येऊन जागा पक्की करा' एवढंच उत्तर तीन वेळा आलं. वडिलांनी दहा हजार भरायचे थांबवले. मुलाने वर्षभर चित्रांचा सराव करून प्रवेश परीक्षा द्यायची, असं सध्या ठरलंय. काय होईल ते होईल.

जाताना मुलगा हसत म्हणाला, "मॅडम, माझी गणिताची वही तुमच्याकडेच राहिली." मला लगेच आठवलं. चौथीत त्याने शंभर पानी वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बैल काढला होता. पानं भराभर सोडली की बैल चालायचा. मी रागावून वही काढून घेतली होती. त्या बैलाचे चारही पाय बरोबर पडत होते का, हे मी तेव्हा बघितलंच नाही.

तुमच्या वर्गात अशी वही सापडली तर रागवा हवं तर. पण आधी पानं सोडून एकदा बघा, आणि वही परत द्या.