कृषिदूतांची परीक्षा वावरात व्हावी

शेतीला पेशा म्हणून निवडणाऱ्या तरुणाला आधी पीक पाहता आले पाहिजे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने वऱ्हाडातली पऱ्हाटी पोखरली, तेव्हा बोंडे बाहेरून हिरवीगार दिसत होती आणि अळी आत सरकी खात होती. अशा वेळी वावरात फिरून २० हिरवी बोंडे तोडायची आणि एकेक फोडून पाहायचे. दोनांत अळी सापडली, म्हणजे नुकसान १० टक्क्यांवर गेले आणि फवारणीची वेळ आली. त्याआधी फुलांतली डोमकळी ओळखायची, कामगंध सापळ्यातले पतंग मोजायचे. पुस्तक वाचून हे येत नाही.

औषध सुचवणे ही तर जोखीमच. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. किती मात्रा, कशात काय मिसळू नये, वारा कोणत्या दिशेचा, हे सांगता न येणाऱ्याने सल्ला देऊ नये. शेतकरी आधी कृषी सेवा केंद्राच्या दुकानात जातो. म्हणूनच हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने २००३ पासून विक्रेत्यांसाठी चालवलेली वर्षभराची पदविका मोलाची आहे.

जमीन-पाण्याची जाण तालुक्यागणिक बदलते. दर्यापूर, मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे खारे पाणी दिले तर जमीनच बिघडते. तिथे शेततळे आणि माती परीक्षण कळायला हवे. वरुड-मोर्शीत संत्र्याचा ताण, बहार आणि खोल जाणारे भूजल यांचा मेळ घालावा लागतो. बाजाराचे ज्ञानही हवेच : भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर कापसातला ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव घटतो, १२ च्या वर गेला की खरेदीच होत नाही.

अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ चे. त्याच्या पदवी अभ्यासक्रमात अंतिम वर्षाचे विद्यार्थी कृषिदूत, कृषिकन्या म्हणून गावात राहतात. ही संधी बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक, फोटो आणि अहवाल यांतच संपू नये. विद्यापीठाने त्यांना अनोळखी वावरात उभे करावे, रोग ओळखायला आणि उपायाचा खर्च मांडायला सांगावे आणि गुण देताना त्या वावराच्या मालकालाही विचारावे.