शंकरपटात बैलाला नियम, पोराला काय?

बीडकडच्या कॉलेजात कुणाकुणाच्या स्टेटसला बैलजोडी आहे, मोजून बघा एकदा. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. अटी कडक आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, बैलांची तपासणी हवी, मारहाण केली तर 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद. हे बरोबरच आहे.

पण जोडी हाकणाऱ्या पोराचं काय? अमेरिकेत रोडिओ, म्हणजे उधळत्या घोड्या-बैलांवर बसायचा खेळ, त्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची संघटना 1949 पासून आहे. तिथे कॉलेजच्या टीम असतात, स्कॉलरशिपही मिळते. लांब कशाला, आपल्याच सरकारने 2022 मध्ये दहीहंडीला साहसी खेळ म्हटलं, गोविंदांना विमा जाहीर केला. शंकरपट मात्र विद्यापीठाच्या खेळांच्या यादीत नाही. बक्षीस जोडीच्या मालकाचं. हाड मोडतं ते हाकणाऱ्याचं.

कॉलेजची टीम उद्याच होणार नाही. पण विमा आणि हेल्मेट असल्याशिवाय जोडी सुटणार नाही, एवढं आयोजकाला येत्या पटाआधी विचारायला काय हरकत आहे?