संयम कोणी कोणाला शिकवायचा?

हल्ली मोबाईलवर स्टोइक तत्त्वज्ञानाचे सुविचार रोज येतात. जे आपल्या हातात नाही त्याची चिंता करू नका, असा त्यांचा सूर असतो. गोष्ट खरी आहे. पण ती कोण कोणाला ऐकवतो, याला माझ्या मते फार महत्त्व आहे. तीन महिने पगार अडलेल्या कामगाराला मालकच हे ऐकवू लागला, तर त्याला तत्त्वज्ञान म्हणता येणार नाही.

हा विचार इसवीसनपूर्व ३०० च्या सुमारास झिनोने अथेन्समध्ये मांडला. तो जिथे शिकवत असे त्या खांबांच्या ओसरीला ग्रीक भाषेत 'स्टोआ' म्हणत, त्यावरून हे नाव पडले. पुढे रोममध्ये एपिक्टेटस हा गुलामगिरीतून आलेला शिक्षक आणि इ. स. १६१ ते १८० या काळातला सम्राट मार्कस ऑरेलियस, दोघांनीही तोच विचार धरला. आपली मते, इच्छा आणि प्रयत्न आपल्या ताब्यात असतात. शरीर, पैसा आणि लौकिक पूर्णपणे नसतात.

मार्कसची 'मेडिटेशन्स' म्हणून वाचली जाणारी टिपणे त्याने स्वतःसाठी लिहिली होती. साम्राज्यात साथ पसरली होती, सरहद्दीवर लढाया चालू होत्या. अशा वेळी तो संयमाचे धडे प्रजेला नव्हे, स्वतःला देत होता.

संयम म्हणजे गप्प बसणे, हाही एक गैरसमज. एपिक्टेटस शिष्यांना हेल्व्हिडियस प्रिस्कसची गोष्ट सांगत असे. सम्राट व्हेस्पेशियनने त्याला सिनेटमध्ये येऊ नकोस, असा निरोप पाठवला. सदस्यत्व काढून घेणे तुमच्या हाती आहे, पण सदस्य असेपर्यंत मी येणारच, असे त्याने कळवले. निदान बोलू नकोस, म्हटल्यावर तो म्हणाला की, मत विचारलेत तर योग्य वाटेल तेच सांगेन. पुढे त्याला ठार मारण्यात आले. शेवट काय होईल हे त्याच्या हाती नव्हते. बोलणे होते आणि ते त्याने सोडले नाही.

त्या कामगाराचेही तसेच आहे. पगार कधी होईल हे त्याच्या हाती नाही. तक्रार करणे, सोबत्यांना एकत्र आणणे आणि घरी मुलाबाळांवर राग न काढणे, हे मात्र आहे.

आपल्याकडे अडचणीतला माणूस आला की आपण पटकन म्हणतो, "सब्र कर." माणसे एकमेकांना साथ देण्यासाठी जन्मली आहेत, हा विचार मार्कसच्या टिपणांत पुन्हा पुन्हा येतो. त्याची चिंता मिटवणे आपल्या हाती नसेलही. पण या महिन्याचे घरभाडे, किराणा, मुलांची फी यांपैकी काय अडले आहे, हे त्याला विचारणे नक्कीच आपल्या हाती आहे.