भंगारात देण्यापूर्वी

घरातला जुना राऊटर किंवा नेटवर्कला जोडायची हार्ड डिस्कची पेटी सुरू होईनाशी झाली की दुकानदार "बोर्ड गेला" म्हणतो आणि आपण ती भंगारात देतो. पुष्कळदा बोर्ड ठीक असतो. आतला बूटलोडर, म्हणजे लिनक्सला उठवणारा छोटा प्रोग्राम, जागा असतो. पुढे काय करायचे ते त्याला कळत नसते. पण पेटीला पडदा नाही, कीबोर्ड नाही. त्याच्याशी बोलायचे कसे?

नेहमीचा मार्ग सिरियल केबलचा. पेटी उघडा, बारीक पिना शोधा, योग्य व्होल्टेजचा अडॅप्टर जोडा. 3.3 व्होल्टच्या पिनांना 5 व्होल्ट दिले तर चिप जळू शकते. अनेकांचा धीर इथेच सुटतो.

'यू-बूट' या मुक्त बूटलोडरमध्ये दुसरी सोय आहे, नेटवर्क कन्सोल. यू-बूट तयार करताना ती चालू ठेवलेली असावी लागते. पेटीला एक पत्ता द्यायचा, 'एनसीआयपी' या नोंदीत आपल्या संगणकाचा पत्ता लिहायचा आणि इनपुट-आउटपुट 'एनसी'कडे वळवायचे. पोर्ट सांगितला नाही तर 6666 धरला जातो. मग साध्या नेटवर्क केबलवरून, यूडीपीने, बूटलोडरचे बोलणे आपल्या पडद्यावर येते आणि आपला हुकूम त्याच्यापर्यंत जातो.

हे सारे पेटी धडधाकट असतानाच करून ठेवायला हवे. तेव्हा चालू लिनक्समधूनही बूटलोडरच्या नोंदी बदलता येतात. पेटी बंद पडल्यावर पुन्हा सिरियल केबलच शोधावी लागते. कन्सोल कायमचा नेटवर्ककडे वळवू नये. आधी 'पिंग' करून आपला संगणक उत्तर देतो का ते पाहावे, दिले तरच वळवावा, नाहीतर नेहमीसारखे बूट होऊ द्यावे. आणि या कन्सोलला पासवर्ड नसतो. त्यामुळे तो घरच्या, विश्वासाच्या नेटवर्कवरच वापरावा.

सुरक्षेचे कारण सांगून काही कंपन्या बूटलोडरला कुलूपच घालतात. भीती खोटी नाही. पण किल्ली ज्याने पैसे मोजले त्याच्याकडे असायला नको का? पेटीवरचे बटण दाबून धरल्याशिवाय कन्सोल उघडणार नाही, एवढी व्यवस्था पुरेशी आहे. तसे न करता वस्तू मरू देणे म्हणजे गिऱ्हाइकाला नवी घ्यायला लावणे. आपल्याकडे इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, गुनाह मानतात. ताटातल्या अन्नाबद्दल आपण हे मुलांना बजावतो. चालू शकणाऱ्या यंत्राबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

यात भाषेचाही प्रश्न आहे. ही माहिती बहुतेक इंग्रजीत आहे. मराठी-उर्दू शाळांतली मुले मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसून हातानेच पुष्कळ शिकतात. बूटलोडर, पोर्ट, पिंग हे शब्द आहेत तसेच राहू द्या, पण समजावणे त्यांच्या भाषेत झाले पाहिजे. शाळेच्या संगणक कक्षात एखादा जुना राऊटर आणि एक नेटवर्क केबल ठेवली, तरी सुरुवात करता येईल.