बटणाच्या फोनची बाजू

माझ्याकडे बटणांचा फोन आहे हे कळलं की लोक दोनच प्रकारे बोलतात. काही म्हणतात, "वा, सुटलात!" बाकीचे विचारतात, "मग तुमचं चालतं कसं?" पहिल्यांच्या लेखी मी वैरागी, दुसऱ्यांच्या लेखी हटवादी. वैराग्याचा निकाल आधी लावतो, कारण ते खोटं आहे.

गेल्या तीन वर्षांतली माझी रेल्वेची तिकिटं सुनेने तिच्या फोनवरून काढली. विजेचं बिल ती भरते. लग्नाच्या पत्रिका आता फारशा कुणी छापत नाही, त्याही तिच्याच फोनवर येतात. एका दवाखान्यात गेलो, तर खिडकीवरच्या मुलीने सांगितलं, "नंबर ॲपवरूनच लागतो, काका." मी तिथूनच सुनेला फोन केला. ती मीटिंग सोडून बाहेर आली आणि तिने माझा नंबर लावला. स्मार्टफोन मी सोडला, त्याचं ओझं मात्र तिच्या खांद्यावर गेलं. 'डिजिटल उपवास' करून त्याच्या कहाण्या सांगणाऱ्या बऱ्याच पुरुषांच्या घरी असं कुणीतरी असतं. एकादशी याची, साबुदाणा भिजवायचा तिने.

आता 'हटवादी' म्हणणाऱ्यांचा पूर्वपक्ष. तो असा : स्मार्टफोन ही सोय आहे, सक्ती कुणी केलेली नाही. रेडिओ आला, टीव्ही आला, तेव्हाही जुनी माणसं कुरकुरलीच होती.

रेडिओ घेतला नाही म्हणून कुणाचा सातबारा कोरा राहिला नव्हता. १५ ऑगस्ट २०२१ला राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने बांधावर उभं राहायचं, ॲप उघडायचं, पिकाचा फोटो काढायचा. जागेचे अक्षांश-रेखांश त्यासोबत जातात. नोंद झाली नाही, तर नुकसानभरपाई, पीकविमा, हमीभावाची खरेदी, सगळीकडे अडतं. शिवारात रेंज नसते तेव्हा माणूस पीक सोडून टॉवर शोधत चढावर जातो. याला सोय म्हणायचं असेल तर म्हणा, पण ऐच्छिक म्हणू नका.

रोजगार हमीचं उदाहरण तर मला जास्त लागतं, कारण ती योजना आपली आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती आली. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या लाखो हातांची मजुरी कागदाच्या हजेरीपटावर निघाली. १ जानेवारी २०२३पासून त्याच कामावर एनएमएमएस नावाच्या ॲपने दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो चढवणं सक्तीचं झालं. हजेरीपटावर खोट्या सह्या होत, हे खरं. पण सही खोटी असली तर ती करणारा चोर होता. फोटो चढला नाही, तर दिवसभर उन्हात राबलेल्या बाईची हजेरी जाते आणि चोर कुणीच नसतो.

अंगणवाडी सेविकांनी २०२१च्या ऑगस्टमध्ये सरकारने दिलेले फोन सरकारलाच परत केले, ते आठवत असेल. फोन अडकत होते, नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर ॲप मराठीत नव्हतं. पोरांची वजनं घ्यायची की गोल फिरणारं चाक बघत बसायचं, एवढाच त्यांचा सवाल होता. त्यांना कुणी यंत्रद्वेष्ट्या म्हटलं असेल, तर त्याने आधी इंग्रजीतल्या ॲपवर महिनाभर अंगणवाडी चालवून दाखवावी.

एक आक्षेप मात्र दमदार आहे आणि तो मी टाळणार नाही. सरकारी खिडकी म्हणजे चिरीमिरी. उताऱ्यासाठी तलाठ्याकडे मारलेल्या फेऱ्या मीही विसरलेलो नाही; उतारा ऑनलाइन मिळू लागला त्याचा आनंद मलाही झाला. पण चिरीमिरी मेली नाही, तिने दुकान बदललं. आता ज्याला फॉर्म भरता येत नाही तो चौकातल्या पोराला पैसे देतो. ओटीपी माझ्या बटणाच्या फोनवरही येतो हो, पण तो टाकायचा कुठे? खिडकीवरचा माणूस चोर असेल तर त्याच्यावर लक्ष ठेवा. खिडकीला भिंत घालणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

उरला मनोनिग्रहाचा उपदेश. "फोन वाईट नाही, ताबा हवा." बोट सरकवलं की संपतच नाही अशी पानाची रचना २००६मध्ये एझा रास्किन यांनी केली आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. संपूच नये म्हणून बांधलेल्या वस्तूसमोर एकट्या पोराला बसवायचं आणि 'ताबा ठेव' म्हणायचं, हा कुठला न्याय? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावाने हे ओळखलं. २०२२पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास फोन-टीव्ही बंद, पोरं अभ्यासाला. गावाने मिळून केलं म्हणून ते जमलं.

आता माझं म्हणणं. स्मार्टफोन सगळ्यांनी टाकावा, असं मी म्हणत नाही. माझ्या सुनेने टाकला तर माझी पंचाईत होईल. मी एवढंच मागतो की सरकारी किंवा जीवनावश्यक कामाला स्मार्टफोनशिवायचा एक रस्ता असावा आणि तो चालता असावा. हे अवघड नाही. साध्या फोनवरून पैसे पाठवण्याची यूपीआय १२३पे ही सोय रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२मध्ये सुरू केली. किती दुकानदारांना ती माहीत आहे, विचारून बघा. ऑनलाइन केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायची अट होती. ज्यांना ते करता येत नाही अशा ॲसिडहल्लाग्रस्त आणि अंध व्यक्तींच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने पर्यायी मार्ग ठेवायला सांगितलं. तिथे शरीर आडवं आलं होतं. ज्याच्या आड गरिबी, म्हातारपण किंवा निव्वळ नापसंती येते, त्याचं काय? नापसंती हेही कारण मी धरतो, आणि इथे बरेच मित्र मला सोडून जातात. जाऊ देत.

ई-पीक पाहणीत शेतकऱ्याकडून राहिलेली नोंद नंतर गावासाठी नेमलेल्या सहायकाने करायची तरतूद आहे. म्हणजे दुसरं दार आहे, फक्त कडी आतून लागलेली असते. पुढच्या ग्रामसभेत उभे राहा आणि विचारा : आपल्या गावचा सहायक कोण, तो कोणत्या वारी, कुठे भेटतो? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. पेनाने.