नोंदवहीतील रिकामा रकाना

वारणानगर : दसरा उलटून ऊसतोडीची लगबग सुरू झाली, कारखान्याचे बॉयलर पेटले आणि उसाने भरलेल्या गाड्यांच्या रांगा रस्त्यावर दिसू लागल्या, म्हणजे वारणेच्या खोऱ्यात वर्षाचा नवा हिशेब मांडला जातो, आणि नेमक्या याच सुमारास प्रादेशिक संग्रहालयांतील आमच्या व्यवसायबंधूंच्या मेजावर आगामी प्रदर्शनांचा व कौटुंबिक उपक्रमांचा तक्ता मंजुरीसाठी सिद्ध होत असतो. १९ ते २५ नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह, १८ मे रोजी येणारा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, उन्हाळी सुट्टीतील मुलांचे वर्ग, अशी एकेक नोंद होते, खर्चाची तजवीज होते आणि कागद पुढे रवाना होतो. या तक्त्यात प्रदर्शन एका रकान्यात आणि कुटुंबांसाठीचा कार्यक्रम दुसऱ्या रकान्यात असतो. पहिल्याची चिंता अभिरक्षक वाहतो आणि दुसरा ज्याच्या हाताला काम कमी त्याच्याकडे सोपविला जातो. ही विभागणी मोडावी, असे आमचे नम्र परंतु निश्चित मत आहे; कारण संग्रहालयात सहपरिवार येणारा माणूस आपल्याबरोबर असे ज्ञान घेऊन येतो, की ज्याचा मागमूसही आमच्या दप्तरांत नसतो.

हे मत आम्हांस पुस्तकांतून मिळालेले नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका जिल्ह्याच्या संग्रहालयात सेवेत असताना एक आजी आपल्या नातवंडांना घेऊन आल्या आणि दालनाच्या कोपऱ्यातील एका जात्यापाशी थबकल्या. ‘पीठ दळण्याचे जाते’ अशी पाटी त्यावर होती, आणि ती नोंद आमच्याच हस्ताक्षरातील होती. आजींनी वाकून वरच्या तळीखाली पाहिले, दगडावरच्या टाकीच्या खुणांवरून बोट फिरविले आणि नातीला म्हणाल्या, “ह्यो दगड दळायचा न्हवं बाळ, भरडायचा हाय. टाकी बघ किती मोठी मोठी दिलीया. ह्यात डाळ भरडायची, पीठ न्हाई व्हायचं.” पहारेकऱ्याने वस्तूस हात न लावण्याविषयी त्यांना बजाविले, आणि त्या संकोचून पुढे निघून गेल्या. ज्या जात्याची लांबी, रुंदी आणि वजन आम्ही काटेकोर मोजले होते, त्याचे काम काय हे मात्र आम्ही न विचारताच लिहून मोकळे झालो होतो.

आमच्या वस्तुनोंदवहीत क्रमांक, साहित्य, मोजमाप, प्राप्तिस्थान, किंमत आणि स्थिती यांना रकाने आहेत. ती वस्तू कोणी, कोणत्या वेळी, कसल्या हातखंड्याने वापरली, यासाठी बहुतेक ठिकाणी रकानाच नाही. हे ज्ञान मिळविता येते, याचा उत्तम दाखला हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी दिला आहे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या बायांच्या तोंडून उतरवून घेतल्या. जाते आमच्या दालनात आणि ओवी आजीच्या कंठात, अशी ही ताटातूट झालेली आहे. कौटुंबिक उपक्रमाने ती मिटवावी.

कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील संग्रहालय याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १८७२ ते १८७६ या काळात उभारलेल्या त्या वास्तूत १९४९ पासून नांदत असलेल्या या संग्रहाचा पाया ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेल्या वस्तूंनी घातला. प्राध्यापक कुंदनगार यांच्या प्रयत्नांमागोमाग १९४५–४६ मध्ये डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले, आणि पंचगंगेकाठच्या या वस्तीचे सातवाहनकालीन वैभव जगापुढे आले. तेथील पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ती अभ्यासकांना सुपरिचित आहे. परंतु आईचे बोट धरून आलेले मूल त्या मूर्तीपुढे एकच प्रश्न विचारते : समुद्राचा देव इतक्या दूर, डोंगरापलीकडे कसा आला? या एका प्रश्नावर संपूर्ण प्रदर्शन उभे राहू शकते. कोकणातील बंदरे, सह्याद्रीचे घाट आणि कोल्हापूर यांचा एक मोठा नकाशा जमिनीवर अंथरावा, मुलांनी त्यावरून चालत जावे, आणि ज्यांच्या वाडवडिलांनी फोंडा घाटाने गुळाच्या गाड्या खाली नेऊन मीठ व नारळ वर आणले, अशा वडीलधाऱ्यांनी त्यांना मुक्काम, पाणवठे आणि बैलांचे हाल सांगावेत. दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापार समजण्यास त्याहून जवळची वाट आम्हांस दिसत नाही.

अशा कामाला लोकांची साथ मिळते, याविषयी शंकेचे कारण नाही. कणेरीच्या सिद्धगिरी मठाच्या परिसरात बारा बलुतेदारांसह जुन्या ग्रामजीवनाचे जे शिल्पमय दर्शन उभारले आहे, तेथे घरची घरे लोटतात, आणि मोटेच्या वा भात्याच्या देखाव्यापुढे आजोबा आपसूक मार्गदर्शक होतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून फिरते संग्रहालय मोटारीतून गावोगावी पाठविले, आणि २०१९ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडताना प्रदर्शनाच्या मांडणीतही मुलांना वाटेकरी करून घेतले. एवढे मनुष्यबळ आणि द्रव्यबळ प्रादेशिक संग्रहालयांपाशी नाही, हे आम्ही जाणतो. परंतु वस्तू आणि ती वापरणारी माणसे यांच्यातील अंतर आपल्याकडे सर्वांत कमी आहे, ही संपत्ती महानगरांपाशी नाही.

ज्या भूमीवरून हे लिहीत आहोत तिचेच उदाहरण घेऊ. तात्यासाहेब कोरे यांनी माळरानावर सहकाराचा साखर कारखाना उभा केला, त्याच्या आधाराने दूध, बाजार आणि शिक्षण यांच्या संस्था निर्माण झाल्या, आणि शेतकऱ्यांच्या मुलांचा बालवाद्यवृंद येथून दूरवर कीर्ती मिळवून आला. खेड्यातील मुलाच्या हाती उत्तम वाद्य विश्वासाने द्यावे, ते नासेल या भीतीने कपाटात ठेवू नये, हा त्या वाद्यवृंदाचा धडा संग्रहालयांनी घेण्याजोगा आहे. या खोऱ्यात ‘गुऱ्हाळापासून कारखान्यापर्यंत’ असे प्रदर्शन जिल्ह्यातील कोणत्याही संग्रहालयाने भरवावे. चरक, काहील, चुलवाण, गुळाच्या ढेपा, जुन्या वजनपावत्या आणि भागभांडवलाचे दाखले ही त्याची सामग्री घरोघरच्या माळ्यांवर आहे. आणि रस निवळण्यासाठी भेंडीचे पाणी केव्हा घालावे, पाक उतरण्याची घटका कोणती, हे सांगणारा गुळव्या अजून आपल्यात आहे. त्याच्यासाठी दालनात सन्मानाची बैठक असावी आणि त्याच्या शब्दांसाठी लिहिणारा हात तयार असावा.

आगामी वर्षाच्या तक्त्यासाठी आमच्या सूचना थोड्या आणि अल्पखर्चाच्या आहेत. कौटुंबिक दिवसाची तारीख ठरविताना सरकारी सुट्ट्यांइतकाच गाळपाचा हंगाम, पेरणी, जोतिबाची चैत्र यात्रा आणि गावचा आठवडी बाजार यांचा विचार करावा, कारण हंगामात ज्या घराचे सगळे हात फडात असतात त्यास रविवारही मोकळा नसतो. संग्रहात ज्या वस्तूंच्या अनेक प्रती आहेत, त्यांतील सुस्थितीतील एखादी हाताळण्यासाठी वेगळी काढावी, तिची तशी स्वतंत्र नोंद ठेवावी आणि पहारेकऱ्यास त्याची लेखी समज द्यावी. एक पाटी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर असावी आणि तीत वस्तूचे घरगुती नाव प्रथम यावे. मुख्य म्हणजे, नोंदवहीत उपयोगाचा एक रकाना वाढवावा, आणि त्यापुढे माहिती देणाऱ्याचे नाव, गाव व दिनांक त्याच्या संमतीने लिहावा. दात्याच्या नावाला आपण जी प्रतिष्ठा देतो तीच जाणत्याच्या नावालाही द्यावी.

त्या जात्याची नोंद आम्ही त्याच संध्याकाळी दुरुस्त केली. ‘पीठ दळण्याचे’ हे शब्द खोडून ‘डाळ भरडण्याचे’ असे लिहिले. माहिती कोणाकडून मिळाली, हे लिहिण्यासाठी लेखणी पुढे सरकली तेव्हा ध्यानात आले, की त्या आजींना आम्ही नाव विचारलेच नव्हते. ती जागा आजही रिकामी आहे.

— संपादक