प्रमाणपत्राआडची गळती

स्तनात बसविलेले कृत्रिम रोपण फुटले, तर दोष कोणाचा? फ्रान्समध्ये तूलाँजवळील ‘पॉली इम्प्लाँट प्रोथेस’ या कंपनीने मान्यताप्राप्त सिलिकोनऐवजी औद्योगिक वापराचे स्वस्त सिलिकोन भरून रोपणे विकली. २०१० साली ती बाजारातून काढून घेण्यात आली. तोवर जगभरातील सुमारे ३ लाख स्त्रियांच्या देहात ती जाऊन बसली होती.

अर्थात, प्रत्येक गळतीमागे लबाडीच असते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. रोपणाचे आवरण काळानुसार झिजते व घडी पडते तेथे चिरते. शस्त्रक्रियेत सुईचा वा पात्याचा निसटता स्पर्श, छातीवरील आघात, भोवतीच्या तंतुमय आवरणाचे आकुंचन, हीही कारणे आहेत. क्षारजलाचे रोपण फुटताच स्तन लहान होतो. सिलिकोनचे मात्र निमूटपणे फुटते आणि पुष्कळदा एमआरआय वा सोनोग्राफीतच उमगते. स्राव ही निराळी बाब. जखमेतील स्रावामागे जंतुसंसर्ग असू शकतो. स्तनाग्रातील स्राव बहुधा दुग्धनलिकांशी निगडित असतो. आणि काही वर्षांनी रोपणाभोवती द्रव साचणे हे क्वचित लिम्फोमा या कर्करोगाचेही लक्षण असते. म्हणून संकोचापायी दुखणे दडविणे घातक होय.

तथापि खरी चिंता दुसरीच आहे. त्या कारखान्याजवळ गुणवत्तेचे रीतसर प्रमाणपत्र होते. तपासनीस येणार, याची आगाऊ वर्दी मिळे आणि आक्षेपार्ह मालाचा मागमूस आधीच नाहीसा होई. तपासणीच्या आदल्या दिवशी शाळेच्या भिंती रंगविण्याची रीत ठाऊक असणाऱ्या आपणांस याचे नवल वाटू नये. २०१३ साली मार्सेच्या न्यायालयाने कंपनीच्या संस्थापकास ४ वर्षांची शिक्षा ठोठावली. पण शिक्षेने देहातील सिलिकोन बाहेर येत नाही.

हा श्रीमंतांच्या हौसेचा प्रश्न म्हणून तो झटकून टाकता येणार नाही. कर्करोगापायी स्तन गमावलेल्या स्त्रियाही याच रोपणांचा आधार घेतात. आपल्या देशात वैद्यकीय साधनांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी योजना २०१५ पासून आहे. परंतु डॉक्टरांनी व रुग्णांनी कळविल्यावाचून ती आंधळीच राहणार. रोपण आजन्म टिकत नाही, हे शस्त्रक्रियेपूर्वीच सांगितले पाहिजे. त्याचा प्रकार व क्रमांक रुग्णाच्या हाती लेखी दिला पाहिजे. आणि तपासणी पूर्वसूचनेविना झाली पाहिजे. शिक्क्यावरील विश्वास जागरूकतेची जागा घेऊ लागला, की गळती प्रथम व्यवस्थेलाच लागते. देहाची पाळी नंतर येते.